मुलाखतींच्या कोडचा क्रॉसटॅब: तक्त्यातला आकडा नेमका कशाचा असतो?

प्रश्न थोडक्यात असा: ऊसतोड कामगारांचं आरोग्य आणि कर्ज यावरच्या पीएचडीसाठी २४ मुलाखती झाल्या आहेत. त्यातल्या १२ कोयत्यांच्या, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीच्या, ६ मुकादमांच्या (टोळी जमवून तोडणीला नेणाऱ्यांच्या) आणि ६ गावातल्या आशा स्वयंसेविकांच्या. कोडिंग, म्हणजे मजकुरातल्या उताऱ्यांना विषयाची लेबलं देणं, संपलं आहे. आता कोणता कोड कोणत्या गटात किती आला, याचा तक्ता (क्रॉसटॅब) हवा आहे. तो सॉफ्टवेअरमध्ये कसा काढायचा? आणि मार्गदर्शक ‘टक्केवारी द्या’ म्हणतात, तर कोणती द्यायची?

तक्ता निघायला पाच मिनिटं पुरतात. सगळा घोळ त्याच्या आधी आणि नंतर होतो. त्यामुळे मेनू कुठे आहेत हे खाली सांगतोच, पण आधी एक गोष्ट ठरवून घ्या: तुम्ही मोजताय काय?

मोजायच्या गोष्टी तीन असू शकतात. पहिली, कोड केलेले उतारे. दुसरी, कोड निदान एकदा तरी आलेली डॉक्युमेंट्स. तिसरी, तो विषय बोललेली माणसं. बहुतेक सॉफ्टवेअर सुरुवातीला उतारे मोजून दाखवतात आणि बहुतेक विद्यार्थी तो आकडा माणसांचा समजून वाचतात. ‘उचलीबद्दल (हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेबद्दल) ५४ मुकादम बोलले’ असं वाक्य प्रबंधाच्या मसुद्यात येतं ते असंच. मुकादम असतात सहा, ५४ असतात उतारे.

उताऱ्यांच्या आकड्यावर फार विसंबू नका, कारण तो तुमच्या कात्रीवर अवलंबून असतो. मुकादम उचलीबद्दल सलग दोन मिनिटं बोलला. तो अख्खा परिच्छेद एका कोडखाली घेतलात तर आकडा १, वाक्यावाक्याला कोड दिलात तर ७. माणूस तोच, बोलणं तेच. शिवाय कोडिंगच्या सॉफ्टवेअरची (एनव्हिवो, ॲटलस.टीआय, मॅक्सक्यूडीए) वागणूकही वेगवेगळी आहे. एनव्हिवोत एकाच कोडखालचे एकमेकांवर चढलेले उतारे एकाच संदर्भात विलीन होतात. ॲटलस.टीआयमध्ये मात्र ते वेगळे अवतरण म्हणून राहतात आणि दोनदा मोजले जातात. त्यासाठी तिथे ‘रिडंडंट कोडिंग’ शोधून काढायची सोय आहे, ती तक्ता काढण्याआधी एकदा चालवावीच. दोघांनी मिळून कोडिंग केलं असेल आणि नंतर प्रकल्प एकत्र केले असतील तर हा प्रकार हमखास झालेला असतो.

म्हणून २४ मुलाखतींच्या अभ्यासात मुख्य आकडा डॉक्युमेंटचा ठेवा आणि उताऱ्यांचा आकडा त्याच्या शेजारी, दुय्यम म्हणून. डॉक्युमेंटचा आकडा कात्रीमुळे बदलत नाही.

आता तयारी. प्रत्येक डॉक्युमेंटला त्याची माहिती जोडायची: गट, जिल्हा, वय, किती हंगाम तोडणीला गेले, वगैरे. ही माहिती आधी एक्सेलमध्ये एका शीटवर तयार करा, एका ओळीत एक डॉक्युमेंट. डॉक्युमेंटचं नाव प्रकल्पात आहे तसंच्या तसं, अक्षर न् अक्षर, असलं पाहिजे. मॅक्सक्यूडीएत ही माहिती ‘डॉक्युमेंट व्हेरिएबल’ म्हणून आयात होते आणि तिथे डॉक्युमेंट गटाचं नाव आणि डॉक्युमेंटचं नाव अशा दोन्ही रकान्यांवरून जुळणी होते. एनव्हिवोत ती ‘केस’च्या (अभ्यासातली एक व्यक्ती किंवा मुलाखत) वर्गीकरणातले ‘ॲट्रिब्यूट’, म्हणजे गुणधर्म, म्हणून जाते. ॲटलस.टीआयमध्ये व्हेरिएबल नसतात, ‘डॉक्युमेंट ग्रुप’ असतात: ‘मुकादम’ हा एक ग्रुप, ‘बीड’ हा दुसरा. एक डॉक्युमेंट कितीही ग्रुपमध्ये बसू शकतं.

इथे बिघडतं ते बारीक गोष्टींमुळे. ‘बीड’ आणि शेवटी एक स्पेस असलेलं ‘बीड ’ ही दोन वेगळी मूल्यं होतात आणि तक्त्यात बीडचे दोन स्तंभ उभे राहतात. वय लिहायचं राहून गेलेलं डॉक्युमेंट वयाच्या तक्त्यातून गुपचूप गळतं. कोणताही इशारा येत नाही. वयाचे गट पाडायचे असतील तर मूळ वयाचा रकाना तसाच ठेवून गटाचा वेगळा रकाना करा, नाहीतर पुढे ‘३५ ऐवजी ४० ला तोडलं तर?’ या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. तक्ता उघडला की कोड बघण्याआधी स्तंभांखालच्या डॉक्युमेंटची बेरीज करा. ती २४ यायला हवी. कमी आली तर कुठेतरी मूल्य रिकामं आहे, जास्त आली तर एखादं डॉक्युमेंट दोन स्तंभांत बसलंय. ॲटलस.टीआयमध्ये ग्रुप एकमेकांत मिसळत असल्याने दुसरी चूक जास्त होते.

तुमच्या अभ्यासात एक खास अडचण आहे आणि ती सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नका. कोयता म्हणजे दोन माणसं. १२ मुलाखतींमध्ये नवरा आणि बायको दोघंही बोलतात. मग डॉक्युमेंटला ‘लिंग’ हे व्हेरिएबल काय देणार? काही जण अशा वेळी ‘जोडी’ असं तिसरं मूल्य टाकतात आणि बाई काय बोलली हा प्रश्नच तक्त्यातून नाहीसा करतात. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेसाठी घेतलेलं कर्ज, फडावर पाळीच्या दिवसांत पडणारा खाडा (कामाला न गेल्याचा दिवस आणि त्याचा दंड), हे विषय ज्या अभ्यासात आहेत तिथे हे चालणार नाही.

उपाय आहे, पण तो ट्रान्स्क्रिप्टपासून सुरू होतो. प्रत्येक बोलण्याच्या सुरुवातीला बोलणाऱ्याची खूण नव्या परिच्छेदात हवी, उदाहरणार्थ ‘को०४-स्त्री:’ आणि ‘को०४-पुरुष:’. खूण सगळीकडे एकसारखी असली पाहिजे. ‘को०४-स्त्री :’ असं कोलनआधी स्पेस देऊन दहा ठिकाणी लिहिलं असेल तर सॉफ्टवेअर तिला तिसरी व्यक्ती समजतं. देवनागरीत आणखी एक कटकट: कोलनच्या जागी खराखुरा विसर्ग टाइप झालेला असतो. दोन्ही दिसायला जवळजवळ सारखे, संगणकाला वेगळे. फाइंड-रिप्लेसने आधी सगळे साफ करून घ्या. ट्रान्स्क्रिप्ट जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप करून घेतलं असेल तर आधी युनिकोडमध्ये बदला. नाहीतर शोध आणि ऑटोकोडिंग (सॉफ्टवेअरने आपोआप कोड देणं) काहीच चालणार नाही, कारण आत मराठी अक्षरं नसतातच.

खुणा एकसारख्या झाल्या की मॅक्सक्यूडीएत ते डॉक्युमेंट ‘फोकस ग्रुप ट्रान्स्क्रिप्ट’ म्हणून आयात करा, ॲटलस.टीआयमध्ये ‘फोकस ग्रुप कोडिंग’ वापरा, एनव्हिवोत बोलणाऱ्याच्या नावावरून ऑटोकोड करा. मुलाखत दोघांचीच असली तरी यंत्रणा तीच. एनव्हिवोत प्रत्येक बोलणारी व्यक्ती स्वतंत्र केस होते, म्हणून नेहमीचा क्रॉसटॅब तसाच चालतो. बाकी दोघांत बोलणारी व्यक्ती हाच एक कोड होतो. त्यामुळे ॲटलस.टीआयमध्ये कोड-डॉक्युमेंट तक्त्याऐवजी ‘को-ऑकरन्स’ (दोन कोड एकत्र किती वेळा येतात याचा) तक्ता काढायचा, एका बाजूला विषयाचे कोड आणि दुसऱ्या बाजूला बोलणाऱ्यांचे. मॅक्सक्यूडीएत तेच काम ‘कोड रिलेशन्स ब्राउझर’ करतो. मात्र एक पथ्य पाळा. विषयाचा उतारा एका व्यक्तीच्या बोलण्याच्या हद्दीत ठेवा. नवऱ्याचं वाक्य आणि त्यावर बायकोचा ‘हो ना’ असा मिळून एक उतारा कोड केला असेल तर तो दोन्ही स्तंभांत मोजला जाईल. कोडिंग आधीच झालं असेल तर सगळं पुन्हा करायची गरज नाही. ज्या चार-पाच कोडवर स्त्री-पुरुष तुलना करणार आहात तेवढेच उतारे उघडून हद्दी नीट करा.

आता मेनू.

ॲटलस.टीआय: ‘ॲनॅलिसिस’ टॅबमध्ये कोड-डॉक्युमेंट तक्ता आहे. डावीकडून कोड किंवा कोड ग्रुप निवडा, दुसऱ्या यादीतून डॉक्युमेंट किंवा डॉक्युमेंट ग्रुप. सेलवर क्लिक केलं की त्यामागची अवतरणं बाजूला उघडतात. डॉक्युमेंट मोजायची असतील तर स्तंभांत ग्रुप न ठेवता सगळी २४ डॉक्युमेंट्स ठेवा, ‘बायनराइज’ चालू करा म्हणजे प्रत्येक सेलमध्ये आहे-नाही एवढंच उरतं, आणि एक्सेलमध्ये निर्यात करून गटवार बेरीज तिथे करा. हा मार्ग थोडा लांबचा, पण आकडा कुठून आला ते डोळ्यांसमोर राहतं.

मॅक्सक्यूडीए: झटपट चित्र हवं असेल तर ‘व्हिज्युअल टूल्स’मधला ‘कोड मॅट्रिक्स ब्राउझर’, गटवार तुलना हवी असेल तर ‘मिक्स्ड मेथड्स’मधला ‘क्रॉसटॅब’. क्रॉसटॅबला आधी सांगावं लागतं की कोणती डॉक्युमेंट्स आणि कोणते कोड घ्यायचे, म्हणून ते दोन्ही ॲक्टिव्हेट करा. मग स्तंभाची अट द्या, ‘गट = मुकादम’ अशी. उताऱ्यांऐवजी डॉक्युमेंट मोजायचा पर्याय तिथेच असतो. कोड मॅट्रिक्स ब्राउझरमध्ये तो ‘प्रत्येक डॉक्युमेंटमध्ये एकदाच मोजा’ अशा अर्थाचा आहे.

एनव्हिवो: ‘एक्सप्लोर’ टॅबमध्ये ‘क्रॉसटॅब’ आणि ‘मॅट्रिक्स कोडिंग’ अशा दोन क्वेरी आहेत. कोड विरुद्ध ॲट्रिब्यूट एवढंच हवं असेल तर क्रॉसटॅब सोपा. कोडविरुद्ध कोड किंवा जास्त गुंतागुंतीच्या अटी हव्या असतील तर मॅट्रिक्स. एनव्हिवोत नव्या माणसाचा सगळा तक्ता शून्यांनी भरून येतो आणि तो हबकतो. त्याचं कारण जवळपास नेहमी एकच असतं: फायली आयात झाल्या, केसही बनवल्या, पण फायलींचा मजकूर केसला कोड केलेला नाही. केस रिकामी असेल तर ॲट्रिब्यूट कशाला लागू होणार? फायलीवर राइट-क्लिक करून ‘क्रिएट ॲज केसेस’ केलं की मजकूरही केसमध्ये जातो. दुसरं कारण, माहिती केसच्या वर्गीकरणाऐवजी फाइलच्या वर्गीकरणात भरलेली असते. दोन्ही वेगळी आहेत.

मूळ कोड आणि उपकोड यांची बेरीज हाही एक सापळा आहे. एनव्हिवोत मूळ कोडवर ‘ॲग्रिगेट’ चालू नसेल तर ‘कर्ज’ या मूळ कोडच्या ओळीत उपकोडचे उतारे येत नाहीत. मॅक्सक्यूडीएच्या कोड मॅट्रिक्स ब्राउझरमध्ये उपकोड मिटून ठेवले की त्यांची बेरीज मूळ कोडवर दिसते, उघडले की सुटी होते. एकाच प्रकल्पाचे दोन दिवशी काढलेले दोन तक्ते जुळत नसतील तर आधी हे बघा. आणि ओळींची बेरीज हाताने करू नका. एका उताऱ्याला ‘उचल’ आणि ‘सावकारी कर्ज’ असे दोन्ही उपकोड असतील तर तो दोनदा मोजला जातो.

आता टक्केवारी. खालचे आकडे समजावण्यापुरते धरले आहेत. ओळ एकच, ‘उचल’ या कोडची.

| | कोयते | मुकादम | आशा |
|---|---|---|---|
| डॉक्युमेंट्स | १२ | ६ | ६ |
| सर्व कोडचे मिळून उतारे | ४४० | १८० | १५० |
| ‘उचल’चे उतारे | ६६ | ५४ | ६ |
| ‘उचल’ आलेली डॉक्युमेंट्स | १२ | ६ | ३ |

ओळीची टक्केवारी घेतली तर उचलीच्या एकूण १२६ उताऱ्यांपैकी ५२ टक्के कोयत्यांचे, ४३ टक्के मुकादमांचे, ५ टक्के आशांचे. वाचणारा म्हणेल, उचलीबद्दल सर्वाधिक बोलतात कामगार. पण कामगारांच्या मुलाखतीच दुप्पट आहेत. स्तंभाची टक्केवारी घेतली तर चित्र उलटं होतं: कामगारांच्या एकूण कोड केलेल्या बोलण्यात उचल १५ टक्के, मुकादमांच्या ३० टक्के, आशांच्या ४ टक्के. गट लहानमोठे असतील तर गटांची तुलना स्तंभाच्या टक्केवारीनेच करायची. ओळीची टक्केवारी ‘हा कोड मुळात कुणाकडून आला’ एवढ्यापुरतीच कामाची.

स्तंभाच्या टक्केवारीतही एक गोम आहे. तिचा छेद म्हणजे तुम्ही त्या तक्त्यात निवडलेल्या कोडची बेरीज. सगळे कोड घेतले तेव्हा मुकादमांचा छेद १८० होता. फक्त पैशाशी संबंधित पाच कोड निवडून तक्ता काढला आणि त्यांची बेरीज ९० भरली, तर तीच उचल एकदम ६० टक्के होते. खोटं काही नाही, पण कोणत्या कोडांपैकी ६० टक्के हे तक्त्याखाली लिहिलं नसेल तर वाचकाची फसगत होते.

ॲटलस.टीआयमध्ये ‘नॉर्मलाइज’ असाही पर्याय आहे. तो सर्वात जास्त कोडिंग असलेला स्तंभ आधार धरून बाकीचे स्तंभ त्या प्रमाणात फुगवतो. वरच्या उदाहरणात मुकादमांचे ५४ उतारे १३२ होतील आणि आशांचे ६ उतारे १८. हे १३२ उतारे अस्तित्वात नाहीत. नॉर्मलाइज केलेले आकडे स्वतः तुलना करण्यापुरते वापरा, प्रबंधात छापू नका.

मग निष्कर्ष काय, मुकादम उचलीबद्दल दुप्पट बोलतात? अजून थांबा. आता स्तंभ फोडून सहा मुकादम वेगवेगळे बघा. समजा ५४ पैकी ३१ उतारे एकाच मुकादमाचे निघाले आणि त्याच्या मुलाखतीत एकूण ६० उतारे आहेत. त्याला बाजूला ठेवलं तर उरलेल्या पाच जणांचे २३ उतारे, दर मुलाखतीमागे साडेचारच्या आसपास. कामगारांचा हाच हिशोब साडेपाच येतो. स्तंभाची टक्केवारीही ३० वरून १९ वर उतरते. म्हणजे गटांमधला फरक म्हणून जे दिसत होतं त्यातला बराच भाग एका बोलक्या माणसाचा होता. गटवार तक्ता काढल्यावर डॉक्युमेंटवार तक्ता काढायचाच, हा नियम करून टाका. लहान नमुन्यात एक डॉक्युमेंट अख्खा स्तंभ वाकवू शकतं.

यानंतरचं काम म्हणजे सेल उघडून वाचणं, आणि माझ्या मते क्रॉसटॅबचा खरा उपयोग इथेच आहे. ‘उचल × कोयते’ हा सेल उघडा आणि ६६ उतारे सलग वाचा. मग ‘उचल × मुकादम’ उघडा. कामगारांच्या बोलण्यात उचल फिटत नाही: हंगाम संपला तरी इतके हजार अंगावर राहिले, ते पुढच्या वर्षाच्या उचलीत धरले, म्हणून पुन्हा त्याच मुकादमाच्या टोळीत जावं लागलं. मुकादमांच्या बोलण्यात उचल बुडते: कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून आपल्या नावावर पैसे उचलले, टोळीला वाटले, दोन कोयते मध्येच निघून गेले, आता कारखाना आपल्याला धरतो. कोड एकच, बोलणं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल. अशा वेळी ३० टक्के विरुद्ध १५ टक्के ही तुलना एकाच गोष्टीची राहत नाही. ‘उचल – फिटणं’ आणि ‘उचल – बुडणं’ असे उपकोड करा, उतारे विभागा आणि तक्ता पुन्हा काढा. आता जो तक्ता येईल त्यात गट जवळपास वेगळे पडतील, आणि मग नजर जाईल ती नियमाला सोडून असलेल्या सेलकडे: एखादा मुकादम कामगारांच्या उचल फिटण्याबद्दल बोलतो, तो कोण? कदाचित स्वतः पूर्वी कोयता चालवलेला. तो उतारा तुमच्या प्रकरणात जाणार.

वाचताना प्रत्येक सेलला एक मेमो लिहा, तीन-चार ओळींचा: या सेलमध्ये काय आहे, सगळे एकच बोलतात की फाटे आहेत, वेगळा सूर कुणाचा. सगळ्या सेलना नाही जमणार. ४० कोड आणि ३ गट म्हणजे १२० सेल. जिथे आकडा अपेक्षेपेक्षा फार जास्त, फार कमी किंवा शून्य आहे तिथून सुरुवात करा.

शून्याबद्दल वेगळं सांगायला हवं. रिकाम्या सेलची कारणं तीन असतात. तो विषय त्या गटाला विचारलाच नव्हता. विचारला, ते बोलले, पण कोड झाला नाही. किंवा खरोखरच कुणी बोललं नाही. विश्लेषणाच्या दृष्टीने फक्त तिसऱ्या कारणाला अर्थ आहे. पहिलं कारण तपासायला मुलाखतीची प्रश्नावली समोर ठेवा. तुमच्या आशा स्वयंसेविकांना उचलीबद्दल प्रश्न नसेलच, तर तिथला कमी आकडा काहीच सांगत नाही. उलट न विचारताही सहापैकी तिघींनी तो विषय काढला, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. दुसरं कारण तपासायला कोड कधी तयार झाला ती तारीख बघा. वरच्या तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये ती नोंदलेली असते. ‘खाडा’ हा कोड पंधराव्या मुलाखतीच्या वेळी सुचला असेल आणि आधीच्या चौदा पुन्हा वाचल्या नसतील, तर तक्ता तुमच्या कोडिंगचा क्रम दाखवतोय, गटांमधला फरक नाही. बहुतेकदा एका गटाच्या मुलाखती आधी कोड होतात आणि दुसऱ्याच्या नंतर, म्हणून हा दोष हुबेहूब गटांच्या फरकासारखा दिसतो. मधल्या काळात आलेले कोड शोधा आणि त्यांच्यासाठी सुरुवातीची डॉक्युमेंट्स पुन्हा नजरेखालून घाला. नेमक्या शब्दाने शोध घेतला तर काम लवकर होतं, पण ‘खाडा’, ‘खाडे’, ‘खाड्याचे’ अशी सगळी रूपं द्यावी लागतील. मराठीत शब्दाचं सामान्यरूप होतं आणि मूळ रूपाचा शोध ते पकडत नाही.

कोडविरुद्ध कोड असा तक्ता हवा असेल, उदाहरणार्थ ‘उचल’ आणि ‘दवाखान्याचा खर्च’ एकत्र किती येतात, तर तो को-ऑकरन्स. ॲटलस.टीआय त्यासोबत ‘सी’ हा गुणांक देतं: दोन्ही कोड एकत्र आलेले उतारे, भागिले दोन्हींच्या उताऱ्यांच्या बेरजेतून एकत्र आलेले वजा करून उरलेली संख्या. उचल ६०, खर्च ३०, एकत्र १५, तर १५ भागिले ७५ म्हणजे ०.२. हा ० ते १ मध्ये असायला हवा. १ च्या वर गेला तर एकावर एक चढलेले उतारे आहेत, ते आधी साफ करा. पण हा गुणांक म्हणजे सांख्यिकीतला सहसंबंध नव्हे. दोन विषय एका परिच्छेदात आले म्हणजे एकामुळे दुसरा घडला असं होत नाही. ते १५ उतारे वाचूनच कळेल की दवाखान्यासाठी उचल वाढवून घेतली, की नुसते दोन्ही खर्च एका दमात सांगितले.

काय-स्क्वेअर चाचणी (गटांमधला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का ते तपासणारी) लावू का, हा प्रश्न मार्गदर्शकांकडून येणारच. उताऱ्यांच्या आकड्यांवर लावू नका. त्या चाचणीला प्रत्येक नोंद दुसरीपासून स्वतंत्र असावी लागते, आणि इथे ३१ नोंदी एकाच माणसाच्या आहेत. डॉक्युमेंटच्या आकड्यांवर लावायची तर नमुना पुरत नाही. एखादा कोड निम्म्या डॉक्युमेंट्समध्ये असेल तर सहाच्या गटात अपेक्षित संख्या ३ येते, आणि चाचणीची नेहमीची अट निदान ५ ची आहे. फिशरची अचूक चाचणी लहान आकड्यांवर चालते हे खरं, पण तुमच्या मुलाखती हेतुपूर्वक निवडलेल्या आहेत, यादृच्छिक नाहीत, त्यामुळे पी-मूल्यातून सगळ्या ऊसतोड कामगारांबद्दल काही म्हणायला आधार मिळत नाही. मार्गदर्शकांना हे दोन मुद्दे लेखी द्या. आग्रह धरण्यासारखे आहेत.

परवाना घेणं परवडत नसेल तर अडायचं कारण नाही. क्वालकोडर हे मोफत आणि मुक्त स्रोत आहे, त्यात केस आणि ॲट्रिब्यूट दोन्ही आहेत. टॅगेट आणखी सोपं, पण त्यात क्रॉसटॅब नाही. तिथून कोड केलेल्या उताऱ्यांची यादी निर्यात करा आणि शेजारी गटाचा रकाना जोडा, डॉक्युमेंटच्या नावावरून व्हीलुकअप लावून. मग पिव्हट टेबल: ओळींत कोड, स्तंभांत गट, मूल्यात उताऱ्यांची संख्या. डॉक्युमेंट मोजायची असतील तर एक्सेलमध्ये पिव्हट तयार करतानाच ‘डेटा मॉडेलमध्ये जोडा’ या चौकटीवर खूण करा, तरच मूल्याच्या पर्यायांत ‘डिस्टिंक्ट काउंट’ दिसतो. नंतर कितीही शोधलं तरी सापडत नाही. लिब्रेऑफिस वापरत असाल तर आधी डॉक्युमेंट, गट आणि कोड या तीन रकान्यांची नक्कल करून त्यातल्या दुबार ओळी काढा आणि त्यावर पिव्हट करा, उत्तर तेच येतं. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडली आणि मराठीच्या जागी चित्रविचित्र अक्षरं दिसली तर फाइल बिघडलेली नाही. ती तशीच सेव्ह न करता बंद करा आणि ‘डेटा’ टॅबमधून टेक्स्ट/सीएसव्ही आयात करताना एन्कोडिंग ६५००१, युनिकोड यूटीएफ-८ निवडा.

प्रबंधात तक्ता देताना सेलमध्ये ‘६/६ (५४)’ असं लिहा: सहापैकी सहा मुलाखती, कंसात उतारे. सहाच्या गटाला ५० टक्के लिहिण्यापेक्षा ३/६ लिहिणं जास्त प्रामाणिक, कारण तिथे एक माणूस म्हणजे सुमारे १७ टक्के. तक्त्याच्या शीर्षकातच मोजणीचं एकक आणि खाली निवडलेले कोड, वगळलेली डॉक्युमेंट्स आणि ‘विचारलं नव्हतं’ अशा सेलसाठी शून्याऐवजी आडवी रेघ. पद्धतीच्या प्रकरणात सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्ती द्या, आणि उतारा कुठे सुरू होऊन कुठे संपतो याचा तुमचा नियम एका वाक्यात.

तक्ता काढला त्या दिवशीच्या प्रकल्पाची एक प्रत तारखेच्या नावाने वेगळी ठेवून द्या. नंतर एखादा कोड विलीन केला, एखादा उतारा हलवला की आकडे बदलतात, आणि तोंडी परीक्षेत कुणी एखाद्या सेलवर बोट ठेवलं तर तो सेल त्या प्रतीतूनच उघडून दाखवता येतो.